उंदरांना पाजलेलं दूध

लांब बोळाच्या टोकाला, दोन दारांच्या आड, उंदरांची खोली होती आणि त्या खोलीचे धनी होते उंदीरकाका. शाळा सातवीत सुटलेली. पण पांढऱ्या उंदराच्या पाठीवरचे केस जरा उभे राहिले, की काका म्हणायचे, "याला ताप चढला." मायक्रोस्कोपही नंतर तेच सांगायचा, फक्त उशिरा. सव्वीस वर्षांत त्यांचा शब्द खाली पडला नव्हता, आणि तो अभिमान ते खाकी कोटासारखा रोज अंगावर घालून यायचे.

प्रयोगशाळेतल्या बाई हिवतापावरची लस शोधत होत्या. आठ लशी करून पाहिल्या, आठही मातीत गेल्या. नववीवर त्यांनी तीन वर्षं घातली होती. रीत अशी, की डाव्या मांडणीत लस टोचलेले बारा उंदीर, उजवीत न टोचलेले बारा. मग चोवीसांनाही हिवतापाचा जंतू द्यायचा आणि वाट बघायची. बाईंना उंदरांच्या केसांनी शिंकांवर शिंका यायच्या, म्हणून त्या आत पाऊल टाकत नसत. काकाच शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचे आणि हातावर फूल न्यावं तशी ती काच बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायचे.

काकांची नात सहा वर्षांची. दरसाल हिवतापाने फणफणायची, आणि दर खेपेला थोडी कमी होऊन उठायची. त्यामुळे नववी लस काकांच्या लेखी नुसती नोकरी उरली नव्हती.

आठव्या दिवसापासून उजवीकडचे उंदीर एकेक करून गेले. बाराव्या दिवशी तिथे पिंजरे तेवढे राहिले. आणि डावीकडचे बाराही चाकांवर पळत होते, केस रेशमासारखे बसलेले. खुद्द काकाच चक्रावले. असलं त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी बाई नाकाला रुमाल लावून स्वतः आत आल्या.

"काका, बाराच्या बारा हो! एकाच्याही रक्तात जंतू नाही म्हटलं तरी चालेल." त्या हसत होत्या, शिंकत होत्या, डोळे पुसत होत्या. "सोमवारी मोठ्या बैठकीत मांडते. हे पटलं की पुढची पायरी माणसांची."

"माणसांची? म्हणजे पोरांनाही?"

"आधी मोठ्यांना, मग पोरांनाच. तोवर आपण परत एकदा करून ठेवू. पण अगदी असंच हं! तुम्ही जे जसं केलंत, तसंच. तिळाचा फरक नको."

"फरक कशाला पडतोय? दूधही तेवढंच पाजतो."

बाईंचा रुमाल नाकापाशीच थांबला. "कसलं दूध?"

काकांनी मोकळ्या मनाने सांगितलं. दाण्यांच्या पोत्याला ओल लागून बुरशी धरली. नवं पोतं आज येतं, उद्या येतं, करत आलंच नाही. चांगले निघालेले दाणे एकाच मांडणीला पुरणारे. "उजवीकडचे बिचारे मरणारच होते. मरणाऱ्याच्या तोंडचा घास काढवेना मला. डावीकडचे तुमची लस घेतलेले, खमके. म्हटलं, हे दुधावर निभावतील. घरनं आणत होतो. बायको रोज म्हणायची, नातीच्या दुधात पाणी आणि उंदरांना सायीसकट, जावई लागतात का ते तुमचे!"

बाई हसल्या नाहीत. "दुधाबरोबर आणखी काय दिलं?"

"काही नाही. नुसतं दूध. पण उकळून हो, बाटल्याही उकळून."

बाई पालथ्या बादलीवर बसल्या.

"काका, या जंतूला वाढायला एक गोष्ट लागते. ती दाण्यांत असते, दुधात जवळजवळ नसते. नुसत्या दुधावर ठेवलेल्या उंदरात तो उपाशी मरतो. फार जुनी माहिती आहे ही."

"म्हणजे लस..."

"लशीने वाचले की दुधाने, ते आता देवालाही सांगता येणार नाही."

काकांच्या कानात फक्त चाकांची घरघर राहिली. ज्यांची त्यांना दया आली ते दाणे खाऊन मेले, आणि जे जगले त्यांच्या जगण्याला काही अर्थ उरला नाही. दोन्ही त्यांच्याच हातून.

"पण वहीत तर दाणेच लिहिलंय," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी रोज बघत होते."

तेही खरं होतं. खाण्याचे रकाने काका सोमवारीच आठवडाभराचे भरून टाकायचे. दाणे, दाणे, दाणे. सव्वीस वर्षांत दुसरं लिहायची वेळच आली नव्हती.

वही दाराशी खिळ्याला लटकत होती. खोलीत दोनच माणसं, आणि उंदरांना बोलता येत नाही. बाई वहीकडे बघत होत्या. काकाही.

मग काकांनी वही काढून गुडघ्यावर घेतली. बारा दिवसांतले एकेक 'दाणे' त्यांनी रेघ मारून खोडले आणि वर सावकाश लिहिलं, 'डावीकडे दूध'. बारा वेळा. बाराही ठिकाणी सही केली.

"न विचारता खाणं बदललंत. नोकरीवर येईल, काका."

"येऊ दे. हे माणसांच्या पोरांना टोचणार ना तुम्ही?"

बाईंनी वही घेतली. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "सोमवारचं रद्द करते." त्यांना एकही शिंक आली नाही.

दुपारीच काका घरी आले. नात पांघरुणात गुंडाळलेली, डोळे चमकत होते. बायको ओल्या फडक्याची घडी बदलत होती. "आज सकाळपासून चढलाय," ती म्हणाली. "काय म्हणते तुमची लस?"

काका दाराची चौकट धरून उभे राहिले.

"आजोबा," नात म्हणाली, "माझं दूध प्यायलेले उंदीर बरे झाले?"

"झाले," काका म्हणाले. "बाराच्या बारा."

ती हसली. काका चपलांसकट उंबऱ्यातच खाली बसले.