दाजींचा नऊ फुटी गोरिला

सोलापुरात राहून गोरिलाला दबकून चालणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच झाला, तो म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आफ्रिकेत रेल्वेत कारकुनी करताना रजा काढून ते अकरा दिवस डोंगरातले रान चढले आणि गोरिला पाहून आले. परतल्यापासून त्यांनी आम्हाला सरळ चालू दिले नाही. मोहोळला हुरड्याला निघालो, की ज्वारीतून एका ओळीत, वाकून, मुक्याने जायचे. बायकांनी बांगड्यांवर पदर गुंडाळायचा. मोठ्या जनावराच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, नजर खाली घालून पाला चघळायचा, हा मुख्य नियम. एकदा बांधावर म्हैस आडवी आली, तर दाजी तिच्यापुढे मान घालून इतका वेळ पाला चघळत बसले, की शेवटी म्हशीलाच संकोच वाटला.

मला टिपणाची सवय. पहिल्या वर्षी गोरिला पाच फुटांचा होता, पुढच्या हुरड्याला सात, दिवाळीत नऊ. एकदा त्याने छाती बडवली, एकदा झाड उपटले, एकदा तर दाजींना रामराम केला. अशा सोळा तफावती मी वहीत उतरवल्या आणि यंदाच्या हुरड्याला, आक्काच्या व्याह्यांसमोर वाचायचे ठरवले. आधी कळवावे, म्हणून आदल्या दिवशी वही दाजींना दाखवली.

त्यांनी ती सावकाश वाचली. "सतरावी लिही," म्हणाले. "दिसलाच न्हाय."

मग खरे काय ते सांगितले. रानात अकराव्या दिवशी वाटाड्याने त्यांना हाताने थांबवले. समोरच्या झुडपात गोरिलाचा श्वास ऐकू येत होता. दाजी सकाळपासून उपाशी. आक्काने बोटीने धाडलेली कडक भाकरी त्यांनी खिशातून काढली आणि मोडली. आपल्याकडे पंगतीत तो आवाज कुणाला कळतही नाही. त्या रानात बंदूक उडाल्यासारखा झाला. झुडपे हलली, संपले. मागे त्याचे पाल्याचे अंथरूण राहिले.

"हात लावून बघितला. ऊब होती की अजून," दाजी म्हणाले. "पण ऊब ऐकायला कोण बसतंय हितं? आन् तुझ्या आक्काला काय सांगू, तुझ्या भाकरीनं पळाला म्हणून?"

दुसऱ्या दिवशी हुरडा भाजत असताना व्याह्यांनी विचारलेच, नक्की उंच किती? आणि हसून माझ्या वहीकडे पाहिले. आक्का चटणी वाढता वाढता थांबली. मी वही उघडली.

"नऊ फूट," मी म्हणालो. "टिपण आहे माझ्याकडं."

दाजींनी एकदाच माझ्याकडे पाहिले, नजर खाली घातली आणि मुकाट्याने हुरडा चघळत राहिले.

आता दाजी आणि आक्का दोघेही नाहीत, म्हणून लिहितो. त्या दिवसानंतर दाजींच्या हयातीत तो गोरिला एका इंचानेही वाढला नाही.