ज्वारीत पाखरं झाली

मंडळी, आज सकाळी ज्वारीची कोठी उघडली आणि बारीक, भुरकट पाखरं भसकन तोंडावर आली.

आमची ही नातवाला सांभाळायला पुण्याला गेली, तेव्हापासून नगरला मी एकटाच असतो. तरी ज्वारी नेहमीसारखी पोतंभरच भरली. सवय, दुसरं काय.

दुकानदाराला शिव्या घालत सगळी ज्वारी गच्चीवर उन्हात पसरली. दाणे दिसायला टपोरे होते, पण चिमटीत दाबले की नुसतं टरफल. हे पाखरू दाण्यावर अंडी घालतं. अळी आत शिरून दाणा पोखरते आणि पाखरू झालं की बारीकशा भोकातून उडून जातं. बाहेरून काही कळत नाही.

शेजारच्या गच्चीवरून कौसाबाई म्हणाल्या, "भाऊ, ज्वारी वाईट न्हाई. घरात खाणारं असलं की पाखराला येळच मिळत न्हाई."

मी चाळण घेऊन ज्वारी चाळायला बसलो.

निम्मी ज्वारी चांगली निघाली आहे, दळूनही आणली. भाकरी मला येते, जरा जाड होते एवढंच. रविवारी दुपारी कुणी जेवायला येता का?