रंगवलेला मासा

शिरूरला एस.टी. स्टँडसमोर चांगदेवचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, खोलीत एक पडदा आणि पडद्यावर चांगदेवनं स्वतः रंगवलेला ताजमहाल. त्यातला एक मिनार त्याला साधला नव्हता, तो घोडनदीच्या पुलाकडे कलला होता. पण चांगदेव गिऱ्हाइकाला नेमका त्या मिनारापुढे उभा करी, त्यामुळे ताजमहालाला तीनच मिनार असतात अशी निम्म्या तालुक्याची खात्री होती.

पण त्याचं नाव झालं ते जोडफोटोंमुळे. माणूस मेलेला असो, मुंबईला गेलेला असो नाहीतर रुसून बसलेला असो, चांगदेव त्याला बायकोशेजारी आणून उभा करी. एकाचं धड, दुसऱ्याचं मुंडकं, तिसऱ्याचा कोट, आणि वरून ब्रशाचा असा हात की सांधा सापडू नये. साखरबाईचा नवरा वारला तेव्हा चांगदेवनं तिला फोटो करून दिला. नवरा कोटात उभा आहे आणि त्याचा हात साखरबाईच्या खांद्यावर आहे. तो बघायला बायकांची रीघ लागली. चांगदेवचे वडील कोंडिबा, तेही बघून आले.

"जित्तेपनी त्येनं तिच्या खांद्यावर कवा हात ठिवला?" ते घरी येऊन म्हणाले. "ठिवला तो पाठीत."

"आबा, तिला बरं वाटलं ना?"

"बरं वाटंल. खरं न्हवं."

कोंडिबांचं हे असंच होतं. शेताच्या हद्दी दाखवणं हे त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. बुद्धाच्या धम्मात आल्यावर त्यांनी गावकीची सगळी कामं झुगारून दिली, पण बांधावरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले की गावाला अजून कोंडिबाच आठवत. ते जाऊन पायानं जागा दाखवत आणि भांडण मिटे. जे डोळ्यांनी बघितलं नाही त्याबद्दल ते बोलत नसत. अशा माणसाच्या पोटी जोडफोटोवाला यावा, याला योगायोग म्हणावं की चेष्टा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्यांनी स्वतःचा फोटो कधी काढू दिला नाही. चांगदेवनं पुष्कळ आर्जवं केली.

"तुज्या त्या पेटीत गेलेलं मानूस उद्या कुनासंगं उभं ऱ्हाईल," ते म्हणत, "त्येचा काय भरवसा?"

यावर गाव हसे. चांगदेवही हसे. पण आपल्या हातचा एक तरी फोटो हातात घेऊन आबांनी "खरं हाय" म्हणावं, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात रुतून बसली होती. बाकी धंदा उत्तम चालला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि लग्नं पुन्हा वाजतगाजत होऊ लागली, तेव्हाची गोष्ट. शिरूरच्या एका लग्नाला पुण्याचे एक प्राध्यापक आले होते. समुद्रातल्या जीवांचा त्यांचा अभ्यास. नदी बघायला गेले आणि वाकून मासे निरखताना त्यांचा चष्मा डोहात पडला. फोटो काढायला आलेल्या चांगदेवनं सदरा काढून सूर मारला. बऱ्याच वेळानं तो वर आला, तो चष्मा घालूनच.

चांगदेव लहान असताना त्याच्या वस्तीतल्या पोरांना गावच्या विहिरीत उतरायची मनाई होती. म्हणून तो डोहात पोहायला शिकला. विहिरीवाली पोरं जन्मभर गोल गोल फिरत राहिली आणि हा पठ्ठ्या तळाला जाऊन चष्मा हुडकायला लागला. पाण्यात डोळे उघडे ठेवणारा फोटोग्राफर प्राध्यापकांना पुण्यात सापडत नव्हता. त्यांनी ओल्या चांगदेवलाच विचारलं, "लक्षद्वीपला येता का?"

कुठं आहे हे न विचारता चांगदेव हो म्हणाला.

त्यानं दौंडला जाऊन मद्रास मेल पकडली. आईनं, ताईबाईनं, भाकऱ्या आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. चटणी कोचीनपर्यंत पुरली. पुढे बोटीत त्याला काही खाववलंच नाही, त्यामुळे टंचाई जाणवली नाही.

बेटावर प्राध्यापकांनी त्याच्या तोंडावर काच बसवली, दातांत श्वासाची नळी दिली, पायांत रबरी वल्ही चढवली आणि हातात पाण्यात चालणारा कॅमेरा ठेवला. चांगदेवनं पाण्यात तोंड घातलं आणि बटण दाबायचंच विसरला.

घोडनदीत डोळे उघडले तर दिसतो गाळ, आणि नशीब थोर असेल तर कुणाची बुडालेली कळशी. इथे तळाची वाळू उन्हात वाळत घातल्यासारखी लख्ख दिसत होती. दगडांना कोबीचे गड्डे फुटले होते. बँडवाल्यांच्या डगल्यांसारखे पट्टे घातलेले मासे घोळक्यानं निघाले होते, जणू वरात पुढे गेली आणि हे मागे राहिले. पोपटाच्या चोचीचा एक हिरवानिळा मासा दगड कुरतडत होता, आणि बाजारात शेजारी बसून कुणी फुटाणे खावेत तसा त्याचा कुरुमकुरुम आवाज पाण्यात ऐकू येत होता. एक कासव मामलेदारासारखं आलं, कुणाकडे न बघता गेलं. सवयीनं चांगदेव नळीतून म्हणाला, "जरा हनुवटी वर." पोटात खारं पाणी गेलं.

आणि मग तो मासा दिसला. बोटाएवढा, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. दगडावर जिवंत गोंड्यांची एक गादी झुलत होती. दुसरा मासा त्या गोंड्यांना शिवला तर मरतो, असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. हा मात्र त्यात खुशाल लोळत होता. कॅमेरा जवळ नेला तसा तो बाहेर आला आणि काचेवर टकरा मारू लागला. एवढासा जीव, पण दारात आलेल्या एवढ्या मोठ्या धटिंगणाला हटकत होता. चांगदेवला आबांची आठवण झाली. हाच फोटो आबांना दाखवायचा, असं त्यानं तिथेच ठरवलं.

रंगीत रोल सगळे प्राध्यापकांचे. ते पुढे त्यांच्याबरोबर परदेशी गेले, आणि शिरूरशी त्यांचा संबंध संपला. चांगदेवच्या वाट्याला आला एक काळा-पांढरा रोल. तो त्यानं आपल्या अंधाऱ्या खोलीत धुतला. पट्टे आले, गोंडे आले, माशाचा रागीट डोळासुद्धा आला. फक्त त्याचं केशरी अंग चुलीतल्या राखेसारखं आलं.

हा आबांना दाखवला तर ते म्हणणार, नदीतली मरळ आहे. चांगदेव बेचैन झाला. खरं दाखवायचं तर खरा रंग दिसायला नको का? त्यानं फोटो रंगवायचे पाण्याचे रंग काढले, काडीला कापूस गुंडाळला आणि रंग भरायला बसला. केशरी गडद झाला की पुसायचा, फिका झाला की पुन्हा द्यायचा. इतक्या इमानानं त्यानं कुठल्या नवरीचे ओठही रंगवले नव्हते. शेवटी मासा बेटावर दिसला होता तसाच झाला. अगदी तसाच.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन गावी गेला. कोंडिबा चावडीपुढे बसले होते. हौसराव पाटलांच्या बांधाचं काहीतरी मिटवून सगळे नुकतेच टेकले होते. चांगदेवनं समुद्राची हकिकत सांगितली आणि फोटो हौसरावांपुढे धरला.

"एवढं पानी व्हतं?" हौसराव म्हणाले. "आन् आमी हितं दुष्काळात खडी फोडत व्हतो."

"खारं पानी, पाटील. पिऊन भागत न्हाई."

"मग माशांची चैन कशी चाललीया?" ते हसले आणि फोटो कोंडिबांच्या हातात देत म्हणाले, "कोंडिबा, तुमी सांगा. तुमी खरं म्हनला तर गावाला खरं."

कोंडिबांनी फोटो उन्हात धरला, दूर नेला, जवळ आणला. चांगदेव उभाच होता.

"ह्यो रंग माशाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आबा."

कोंडिबांनी अंगठा जिभेला लावला आणि माशाच्या पाठीवरून फिरवला. अंगठा केशरी झाला. मासा राखेचा झाला. त्यांनी अंगठा सगळ्यांना दिसेल असा धरला.

"मासा पान्यात ऱ्हातो न्हवं? मग त्येचा रंग माज्या थुकीनं कसा निघाला?"

चावडी अशी हसली की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले.

"आबा, फोटो काळा-पांढराच येतो. रंग मी भरला. पन मासा तसाच व्हता."

"व्हता तर तसाच आनायचा. मी बघितला न्हाई, मी सांगनार न्हाई." त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि काठी घेऊन उठले. त्या धोतरावरचा डाग ताईबाईनं पुष्कळ धुतला. तो मात्र जाता जाईना.

नंतर बाजारात जिलबी तळणारा मल्हारी चांगदेवला बघितलं की ओरडे, "मास्तर, केशरी रंग संपलाय, तुमचा मासा पिळा जरा." धंद्याला मात्र बरकत आली. लोक समुद्र मागू लागले. चांगदेवनं ताजमहालाच्या जागी नवा पडदा रंगवला. निळंशार पाणी आणि त्यात शेरडाएवढा केशरी मासा. त्यापुढे उभं राहून जोडप्यांनी फोटो काढले, घरोघर लावले, आणि "समुद्र असाच असतो" असं एकमेकांना सांगितलं. त्याला कुणी अंगठा लावला नाही.

काही वर्षांनी कोंडिबा झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी त्यांचा फोटो ठेवायचा, तर फोटो कुठं होता? तालुक्यातल्या मेलेल्यांचे फोटो करणारा हाताशी असताना बापाचाच नाही, म्हणून पाहुणे कुजबुजू लागले. चांगदेवनं घरातले सगळे जुने लग्नाचे फोटो धुंडाळले. एकाच फोटोत कोपऱ्यात आबा होते. कॅमेऱ्यापुढे आडवा तळवा धरलेला, तोंड फिरवलेलं. तो एकच फोटो आबांचा अगदी खरा होता. पाहुण्यांनी तो बघितला आणि परत दिला.

मग चांगदेवनं आबांचा पटका स्वतःच्या डोक्याला बांधला, त्यांचं उपरणं घेतलं, कॅमेऱ्यापुढे बसला आणि लांब नळीचा रबरी फुगा दाबून स्वतःचाच फोटो काढला. निगेटिव्हवर ब्लेडच्या टोकानं सुरकुत्या ओढल्या. मिशांवर पेन्सिल फिरवली, त्या कागदावर पांढऱ्या उमटल्या. सवयीचं काम होतं.

पुण्यानुमोदनाला सगळं गाव आलं. हौसराव फोटोपुढे उभे राहिले आणि त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"हुबेहूब," ते म्हणाले. "आता बोलतील जनू. चांगदेवा, ह्येला म्हनत्यात खरा फोटो." आणि त्यांनी आणलेला हार त्याच्या देखत त्याच्याच चेहऱ्याला घातला.

माणसं पांगल्यावर ताईबाई उठून फोटोजवळ आली. तिनं हार बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"डोळं तुजं हायेत," ती म्हणाली.

चांगदेव विझलेली मेणबत्ती पेटवू लागला.

"ऱ्हाऊ दे. लोकांना पटलं." तिनं हार पुन्हा सारखा केला. "त्यो मासा व्हता का रं खरंच?"

"व्हता, आय."

"तसल्याच रंगाचा?"

"तसल्याच."

"मग तू कशाला रंगवलास?" ताईबाई म्हणाली, आणि पाहुण्यांची उष्टी ताटं उचलायला गेली.