खिडकीपाशी थांबलेली भिंत

"घाई नाही भाऊ, घाई नाही," असं म्हणत ते आमच्या खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरायचे आणि आत पाहायचे. बैल सोडून आलेले असोत की बांधीतला चिखल पायाला घेऊन आलेले असोत, रोज सकाळी हे ठरलेलं. आत खाटेवर माझे बाबा, लकव्यानं उजवं अंग गेलेले, जीभ जड झालेले. बाहेर शेजारचे काकाजी. आता अशा माणसाला रोज येऊन "घाई नाही" सांगायचं, याचा अर्थ तुम्ही काय लावाल? आमच्या आईनं तोच लावला होता.

"पाहाले येते," ती म्हणायची. "जित्ता हाय का गेला, ते पाहाले येते गिधाडासारखा."

आमचं गाव लाखनीच्या सडकेपासून आत. घर मातीचं, वर कवेलूचं कौलारू छप्पर. समोर ओसरीसारखी छपरी, एका बाजूला दुसऱ्याच्या घराला घर चिकटलेलं, आणि उरलेल्या बाजूला काकाजींची सांदवाडी, म्हणजे घराशेजारची मोकळी जागा. मधल्या खोलीला खिडकी एकच, ती या सांदवाडीत उघडायची. बाबांची खाट तिथेच. त्या खिडकीतून त्यांना काकाजींचे बैल दिसत, तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग दिसे, आणि कुंपणापलीकडे तलावाची बंधाऱ्यासारखी पार आणि तिच्या खालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. त्यातल्या दोन आमच्या होत्या. कोणाचं पाणी कोणी फोडलं, कोणाचं धान लोळलं, हे बाबांना खाटेवरून कळायचं आणि ते अर्ध्या जिभेनं मला कामाला लावायचे.

मग खाट छपरीत आणायची, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो होतो. पण छपरीसमोरून गाव जातं, आणि ज्या माणसाचं धोतर बायकोला बदलावं लागतं त्याला गावानं पाहिलेलं नको असतं. बाबांना पाहायचं होतं, दिसायचं नव्हतं. ती सोय त्या एका खिडकीत होती.

आणि तीच खिडकी बुजणार होती.

काकाजींच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न जमलं. त्यांच्या घरात खोली एकच. मुलीकडच्यांनी निरोप दिला, नव्या जोडप्याला वेगळी खोली पाहिजे. काकाजींनी शेतात विटा भाजल्या, भंडाऱ्याला खेटे घालून सिमेंटचं परमिट आणलं आणि एका संध्याकाळी रीतसर आमच्या छपरीत येऊन बसले.

"वयनी, भाऊची खिडकी जाईन. सांगून ठेवतो. मागून म्हणान, सांगतलं नाही."

आई आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवली.

मी तेव्हा नुकताच धान सोसायटीत कारकून लागलो होतो. पँट घालत होतो आणि भंडाऱ्याच्या एका वकिलाशी माझी चहापुरती ओळख होती. त्यांच्याकडून 'हवा-उजेडाचा हक्क' असे भारदस्त शब्द मी घेऊन आलो, आरशासमोर म्हणून पाहिले आणि सांदवाडीत जाऊन काकाजींना ऐकवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आमच्या छपराकडे बोट केलं.

"बरोबर हाय जी. पण तुमच्या कवेलूचं पाणी इतके वर्षं माह्या जागेत पडून राहिलं, त्या पाण्याचा हक्क कोणाचा?"

वकिलानं मला हे शिकवलं नव्हतं. मी परत आलो. तेव्हापासून काकाजी मला "वकील साहेब" म्हणायचे, चारचौघांत, आणि तेही अगदी आदरानं.

धानाची चुरणी-मळणी झाली आणि काम सुरू झालं. पाया खणला, मिस्त्रीनं दोरी बांधली, आमच्या भिंतीपासून हातभर जागा सोडून त्यांची भिंत चढू लागली. बाबा खाटेवरून एकेक थर पाहत होते. भिंत खिडकीच्या खालच्या काठाशी आली आणि मिस्त्रीनं पुढच्या थरासाठी दोरी वर सरकवली. ती दोरी बाबांच्या डोळ्यांसमोर, तलावाच्या पारीवर आडवी आली.

काकाजी तिथेच उभे होते. म्हणाले, "आज राहू दे."

"काहून जी?" मिस्त्रीनं विचारलं.

"रेती संपली."

रेतीचा ढीग काकाजींच्या पाठीमागेच होता. मिस्त्रीनं ढिगाकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं, आणि थापी धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला ताप आला, असं काकाजींनीच जाहीर केलं. मिस्त्री पानाच्या ठेल्यावर बसलेला होता. मग महिना चांगला नव्हता. मग सिमेंट गोठलं. इतकी कारणं एका माणसाला सुचतात कशी, याचं मला कौतुक वाटे. सोसायटीत उशिरा जाताना त्यातली एकदोन मी वापरूनही पाहिली. पावसाळा आला, कमरेएवढ्या भिंतीवर शेवाळ चढलं. कोंबड्या तिच्यावर बसू लागल्या. लग्न झालं, सून आली, आणि त्या एका खोलीत सासू, सासरा आणि नवं जोडपं यांच्या मधे दोरीवर लुगडं टाकून पडदा झाला.

एकदा मी धीर करून विचारलंच. "काकाजी, खरं सांगा, कायले थांबले?"

ते तणस ओढत होते. थांबले नाहीत. "जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर भिंत नाही बांधत जी, वकील साहेब. भाऊ गेल्यावर बांधीन."

म्हणजे आई खोटं बोलत नव्हती, हेच कठीण होतं. ते खरंच वाट पाहत होते. बाबांनाही ते ठाऊक होतं. काकाजी कमरेएवढ्या भिंतीवरून वाकून गज धरायचे; रोज सकाळी दोघं त्या खिडकीच्या दोन बाजूंना समोरासमोर असायचे. एक मरायचा होता, दुसरा त्यासाठी थांबला होता, आणि बोलणं चालायचं ते तुडतुड्यांचं आणि पाटाच्या पाण्याचं. बाबांचं बोलणं आम्हालाही निम्मंच कळायचं. काकाजींना सगळं कळायचं.

"त्याले चहा दे," बाबा म्हणायचे. आई कपबशी गजांमधून बाहेर द्यायची, तोंड दुसरीकडे करून.

काकाजींची बायको, आमची काकी, मात्र काही मनात ठेवायची नाही. विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणायची, "तिकडे म्हातारा जात नाही, इकडे भिंत चढत नाही. मधात मीच मरतो आता." हे ऐकून आई घागर अर्धीच भरून परत यायची. त्या दिवशी आमचं वरण खारट व्हायचं.

वर्ष उलटलं. सुनेला दिवस गेले. मुलानं बापाला शेवटचं विचारलं, बापानं शेवटचं उत्तर दिलं, आणि मुलगा बायकोला घेऊन लाखनीला गेला. सडकेवर ट्रकवाल्यांचे टायर दुरुस्त करायच्या दुकानात कामाला लागला, मागं एक भाड्याची खोली घेतली. नातू तिथेच झाला. काकाजी त्याला पाहायला सायकलनं जायचे आणि संध्याकाळी एकटे परत यायचे. आमच्याकडे त्यांनी या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. पण खिडकीला कान असतातच. काकी रात्रंदिवस काय बोलत होती ते बाबा खाटेवर पडून ऐकत होते.

मग बाबांनी जेवण सोडलं.

आई घास समोर धरायची, ते दात घट्ट मिटायचे. मी पौष्टिक आहारावर त्यांना चार शब्द सांगितले. त्यांनी डोळेही मिटले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या सकाळी काकाजी खिडकीशी आले, तेव्हा आई, जी इतके दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हती, तीच गजांशी गेली. म्हणाली, "भाऊजी, खात नाहीत ते."

काकाजींनी आत वाकून पाहिलं. "काहून भाऊ? काय झालं?"

बाबांनी डोळे उघडले. एकच शब्द बोलले, पण तो आम्हा सगळ्यांना कळला. "बांध."

काकाजींनी गज सोडले. मग काकाजींचा आवाज चढला. तसा तो चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

"माह्या भिंतीसाठी मरता काय जी? उद्या लोकं मले काय म्हणतीन? शेजाऱ्याले उपाशी मारून खोली बांधली म्हणतीन. तिथं पोरगा झोपन माहा?"

बाबांनी पुन्हा डोळे मिटले. काकाजी गेले आणि गोठ्यातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आले. सब्बल खिडकीसमोरच्या भिंतीच्या वरच्या थरात घातली.

"वयनी, घास धरा. भाऊनं तोंड नाही उघडलं, त मी वीट काढतो."

आईनं घास धरला. तोंड मिटलेलंच. काकाजींनी वीट उखडली आणि खाली टाकली. पुन्हा घास, पुन्हा वीट. काकी घरातून बोंबलत आली, "येडा झाला काय हा माणूस," म्हणून सब्बल धरायला लागली. त्यांनी एका हातानं तिला बाजूला केलं आणि दुसऱ्या हातानं सब्बल मारली. त्या विटा त्यांनी स्वतः भाजल्या होत्या. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि मला वाटतं ते रडत होते, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही, कारण मी स्वतः त्या वेळी कोपऱ्यात तोंड करून उभा होतो.

खिडकीसमोरचा थर संपत आला, तेव्हा बाबांनी तोंड उघडलं.

काकाजींनी सब्बल खाली ठेवली. बाबांनी घास गिळला की नाही, ते नीट पाहिलं. मग निघून गेले. त्या विटा त्यांनी परत बसवल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, काकाजी सकाळी बांधीवर गेले. दुपारी दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर टेकले ते उठले नाहीत. बायांनी हाका मारल्या, एकीनं जवळ जाऊन पाहिलं. बैलगाडीतून घरी आणलं. लाखनीहून मुलगा येईपर्यंत त्यांना सांदवाडीतच ठेवलं होतं, कमरेएवढ्या भिंतीच्या पलीकडे. तिरडी तिथेच बांधली. आई खिडकी लावायला गेली, तर बाबांनी डाव्या हातानं फळी अडवून धरली. सगळं पाहिलं. माणसं 'राम राम' म्हणत सडकेला लागली, तेव्हा ते मला म्हणाले, "नंबर माहा होता." रॉकेलच्या लायनीत कोणी मधे घुसावं, तशी ती तक्रार होती. मग त्यांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

पाऊस संपल्यावर मुलगा मिस्त्रीला घेऊन आला. खिडकीशी आला, पण गज धरले नाहीत. "काका, बांधतो आता," म्हणाला. बाबांनी मान हलवली. भिंत दोन दिवसांत खिडकीच्या वर गेली. खोलीत दिवसाही कंदील लागला.

आम्हाला वाटलं, झालं. पण मुलगा मिस्त्रीला घेऊन आमच्या घरात आला.

"काकू, गज काढा लागते खिडकीचे. बाहेरून जागा नाही, इथूनच पलस्तर करा लागन."

"कायचं पलस्तर?" आईनं विचारलं.

"माह्या बाबानं सांगून ठेवलं होतं. भाऊसमोर उघडी वीट नको ठेवजो, म्हणे."

मिस्त्रीनं गज काढले, अर्धा बाहेर वाकला आणि हात पोचेल तेवढ्या भिंतीला, म्हणजे खिडकीएवढ्याच भिंतीला, पलस्तर केलं. वाळल्यावर मुलानं स्वतः चुना मारला. पांढराशुभ्र. वरच्या फटीतून येणारा थोडा उजेड त्याच्यावरून खोलीत यायचा. खरं सांगायचं तर बरंच बरं दिसत होतं.

बाबांनी एकदाच त्याकडे पाहिलं. म्हणाले, "लाव खिडकी." नंतर त्यांनी कूस बदलून आमच्याकडे तोंड केलं ते तसंच ठेवलं. त्या थंडीत ते गेले. तो चुना काकाजींना पाहायला मिळाला नाही, बाबांनी पुन्हा पाहिला नाही. खोलीही बांधून झाली, पण सून लाखनीहून परत आली नाही. त्या नव्या खोलीत तणस भरून ठेवायचे. काकी एकटीच तिच्या जुन्या खोलीत राहायची.

बऱ्याच वर्षांनी मी पक्कं घर बांधायला काढलं. मजुरांनी आमची मातीची भिंत पाडली आणि काकाजींची भिंत पहिल्यांदा बाहेरून सगळ्या गावाला दिसली: लांबलचक उघड्या विटांची, सांध्यांतून सिमेंटचा गारा लोंबलेली, आणि मधोमध खिडकीएवढा पांढरा चौकोन. येणारेजाणारे विचारायचे, इथं देवाचा फोटो होता काय. मी "नाही" म्हणायचो. त्यापुढे काय सांगावं ते मला आजही सुचत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितो आहे.

नव्या मिस्त्रीनं विचारलं, "चुना खरवडू काय जी, का राहू देऊ? नाहीतरी तुमची भिंत समोर येतेच."

आई मजुरांचा चहा घेऊन आली होती. किटली खाली ठेवून ती त्या चौकोनासमोर उभी राहिली. काकाजी जिवंत असताना तिनं त्यांच्यासमोर रागानं कधी मानाचा पदर घेतला नव्हता. आता तिनं तो डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

"तेवढं राहू द्या," ती म्हणाली.

मिस्त्रीनं दोरी बांधली. माझी भिंत एकेक थरानं चढत गेली, आणि तो पांढरा चौकोन खालून झाकत गेला. चहा निवून गेला. वरची कड झाकणारी वीट बसेपर्यंत आई तिथून हलली नाही.