मोठ्या सिस्टर आणि ओट्यावरचा ताप

ताप माणसाला केवळ बेशिस्तीमुळे येतो, असं मानणारी व्यक्ती जगात एकच असावी, आणि ती शिरूरजवळच्या आमच्या लहानशा सरकारी दवाखान्यात मोठ्या सिस्टर म्हणून नेमलेली होती. बाई दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. शरीरानंही वेळेवर सुटावं आणि वेळेवर पोचावं, अशी त्यांची अपेक्षा. मी तिथं औषधं देणारा; मला शिंक आली तरी त्या घड्याळाकडे बघत. रविवारी चर्चला जातानाही पर्समध्ये बायबलशेजारी पॅरासिटामॉलची पट्टी असे. "देव बघतोच, पण ताप उतराया गोळीच लागती," हे त्यांचं धर्मशास्त्र.

करोनाची लस आली तेव्हा गावात कुणी दंड पुढे करेना. मग सिस्टरांनी ठरवलं, की आधी आपण सगळ्यांनी गावादेखत, दवाखान्याच्या ओट्यावर बसून, एकाच दिवशी टोचून घ्यायचं. वास्तविक कर्मचाऱ्यांनी पाळीपाळीनं घ्यायची असते, म्हणजे निम्मे तापले तरी निम्मे उभे राहतात. "आपल्याला काई होत न्हाई," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सगळा दवाखाना कुडकुडत होता. आशाताईंचे दात वाजत होते, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गाडीतच आडवा, माझा हात वर जाईना. सिस्टरांनी आम्हाला गोळ्या दिल्या, पाणी पाजलं, स्वेटर घालून ओट्यावर उन्हात बसवलं आणि बजावलं, "कुणी इचारलं तर सांगायचं, ट्रेनिंग चाललंय. तापाचं नाव निघालं तर गाव हिकडं फिरकायचं न्हाई." भर उन्हात स्वेटर घालून कसलं ट्रेनिंग, हे विचारायची आमची टाप नव्हती.

तेवढ्यात आबा आले. गावातले वडीलधारे, त्यांनी मान हलवली की सगळी आळी हलायची. आमच्यावरून नजर फिरवून त्यांनी थेट विचारलं, "सिस्टर, तुमाला ताप हाय व्हय?"

बाईंना खोटं बोलायचं ठरवता यायचं, प्रत्यक्ष बोलता यायचं नाही.

"हाय," त्या म्हणाल्या. "समद्यांना हाय. उद्या उतरंल. न्हाई उतरला तर मी हाय की हितं."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "सांगितलं ते बरं झालं. लपवलं असतं तर न्हाई आलो असतो. परवा म्हातारीला घिऊन येतो."

ते गेल्यावर सिस्टरांनी "बघताय काय, पाणी प्या" म्हणून आम्हाला दटावलं, आत गेल्या आणि तपासणीच्या बाकावर आडव्या झाल्या. इतक्या वर्षांत त्यांना पडलेलं कुणी बघितलं नव्हतं. मी चादर टाकायला गेलो, तर कपाळाचा चटका बसला. सकाळपासून सगळ्यांना गोळ्या वाटताना स्वतः घ्यायची राहूनच गेली होती. मी उठवून गोळी पुढे केली. त्यांनी ती निमूट घेतली. मला वाटलं, आजही ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.