मास्तरांचा उजवा पाय

घरात एकाचा पाय दुखायला लागला की बाकीच्यांच्या तोंडाला पाय फुटतात. आमच्या मास्तरांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उजव्या पायापायी मी पांढुर्ण्यापासून नागपूरपर्यंत इतका मूर्खपणा ऐकला की मनात ठेवायला जागा उरली नाही. शाळेत मी गेलेली नाही, पोरांच्या पाट्या पाहून लिहायला शिकले. त्याचा उपयोग आता करते.

*

रिटायर झाल्यावर मास्तर बाजारात जाताना दर पन्नास पावलांवर थांबायला लागले. तेलघाणीपाशी पोराबाळांची चौकशी, पुढे शिंप्यापाशी कापसाचा भाव. गावात बोलबाला झाला, मास्तर आता फार माणसाळले.

एक दिवस मी मागून गेले. मास्तर शिंप्याच्या दारात उभे राहून पोटरी दाबत होते.

"काय करून राहिले?"

"शिंप्याची ख्यालीखुशाली विचारून राहिलो."

दुकानाला कुलूप होतं.

*

पाय तर गार दगड. सौसरहून माझे धाकटे दीर आले, नामदेवभाऊजी. साऱ्या रोगांवर त्यांच्यापाशी एकच उपाय, शेक. मी पाणी भरायला गेले तेवढ्यात त्यांनी तापलेली वीट फडक्यात गुंडाळून मास्तरांच्या पायाला लावली. पायात रक्तच पोचत नव्हतं, मास्तरांना चटका कळणार कसा? सांजेला अंगठ्यावर हा एवढा फोड.

"भाऊजी, पाय भाजला ना जी."

"भाजला म्हणजे गरमी पोचली, वैनी. गुण येऊन राहिला."

आठ दिवसांत अंगठा काळा पडला.

*

नागपूरच्या सर्जननी विचारलं, "न थांबता कुठवर जाता?"

"जामसांवलीच्या देवळापर्यंत," मास्तर म्हणाले.

"बसनं," मी म्हटलं.

मग सर्जननी कागदावर पाय काढून दाखवला. मांडीतली रक्ताची नळी बंद झालेली. डाव्या पायातली शीर काढून उजव्यात जोडायची, म्हणजे रक्त वळसा घेऊन खाली उतरेल. नाही केलं तर पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. अंगठा तर गेल्यातच जमा.

भाऊजींना राहवलं नाही. "या वयात चांगला पाय कायले चिरता? एका संत्र्यासाठी दुसऱ्या झाडाच्या मुळ्या तोडते का कोणी?"

"भाऊजी, पाट बुजला तर तुम्ही बाजूनं नवा पाट काढता, का बगिचा तोडता?"

सर्जन म्हणाले, "बाई, उद्यापासून राउंडला चला माझ्यासोबत."

*

संमतीचा फॉर्म आला तर भाऊजींनी खिशातला पेन काढला. "बाईमाणसाची सही कायले?"

"नवरा कोणाचा आहे?" मी पेन घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. मी बोट ठेवून वाचते, वेळ लागतो. सिस्टर ताटकळली.

"आजी, एवढं कोणी वाचत नाही."

"म्हणूनच वाचून राहिले."

*

ऑपरेशन चार तास चाललं. पाय राहिला, अंगठा गेला. सिस्टरनं तो कापसात गुंडाळून आमच्या हाती दिला, सोय तुम्हीच लावा म्हणाली.

जाळायचं मी म्हटलं तर भाऊजी भडकले. "माणूस जिता असताना त्याचा तुकडा जाळत नाहीत." पुडकं गमछ्यात बांधून सौसरच्या बसमध्ये बसले. शेताच्या बांधावर, धुऱ्याशी, खड्डा करून अंगठा पुरला, आंघोळ करूनच घरात शिरले, आणि मग भटजींकडे गेले. अंगठ्याचं सुतक किती दिवसांचं, हे विचारायला. भटजींनीही विचार करून सांगितलं. तीन.

चौथ्या दिवशी भाऊजी वॉर्डात आले. डोक्याचा चकोट, मिशी सफाचट. शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई मला धरून रडायलाच लागली.

"हे काय करून आले, भाऊजी?"

"मोठ्या भावाचं अंग मातीत गेलं, वैनी. केस ठेवू कसे?"

माझा हात मास्तरांच्या पायावर होता. दोन वर्षांनी तो पाय मला ऊन लागला. हात तिथून निघेना, नाहीतर भाऊजींची काही खैर नव्हती.

मास्तरांनी ते डोकं एकदा न्याहाळलं. मग हळूच म्हणाले, "नामदेव, मातीला माणसं किती होती रे?"