पाड... आता उचल

चाचा गेले तेव्हा मी सांगलीत, आईच्या घरी, डाव्या हातानं आमटी-भात खात होते. उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. फोन कराडच्या दवाखान्यातून, चाचांच्या दुकानाशेजारच्या पंक्चरवाल्याचा. "ताई, चाचा गेलं," एवढं बोलून तो रडायलाच लागला. मी ताट भिंतीवर फेकलं. आईनं फडकं आणून भिंत पुसली. महिना होऊन गेला, तिथं पिवळा डाग अजून आहे. लोक सांगतात, लिहिताना राग बाजूला ठेव. नाही ठेवणार. राग सोडून चाचांबद्दल लिहिलं तर ते दुसऱ्याच कुणाबद्दल होईल.

सिकंदरचाचा हवाई दलातून निवृत्त झालेले इंजिन मेकॅनिक. कराडजवळच्या मलकापुरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. विमान कसं उडतं ते मराठीतून शिकवणारं. चित्रं आणि ॲनिमेशन माझं, आवाज आणि अक्कल त्यांची. मुलानं संगणकासमोर बसायचं, जॉयस्टिकची दांडी धरायची आणि चाचांचा आवाज सांगेल तसं पडद्यावरचं विमान चालवायचं. ऐकायला किती गोड वाटतं! प्रत्यक्षात ती खोली म्हणजे आखाडा होता. मी पंख निळे रंगवले म्हणून चाचांनी माऊस आपटून फोडला. "आभाळ निळं, पंख निळं, पोरांस्नी दिसणार काय, तुझं कपाळ?" मीही हेडफोन फेकून मारला होता एकदा. भुवईवर टेंगूळ आलं तर हसतात कसले, "नेम चांगला हाय तुझा, पोरी." मग आतल्या घरातून हमीदाचाची ओरडायची, "मरा दोघंबी, पर आधी जेवून घ्या!"

सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. विमानाचं नाक फार वर उचललं की पंखांवरची हवा सुटते आणि विमान खाली यायला लागतं. इंग्रजीत त्याला स्टॉल म्हणतात. मी पुस्तकी मराठी शब्द शोधत बसले. चाचा म्हणाले, "दम उखडला म्हण. चढाला म्हाताऱ्याचा उखडतो तसा पंखाचा उखडला." मी म्हटलं, असं कुठं असतं का? तर टेबलावर फाडकन थाप. ही थाप त्यांची सवयच. रेकॉर्डिंगमध्येही ती जागोजागी आलीय. मी पुसायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, झोपल्यालं पोरगं जागं हुतंय." शेवटी थापही राहिली आणि दमही राहिला.

त्या धड्यात विमान मुद्दाम पाडायचं असतं. शिकाऊ वैमानिकालाही भरपूर उंचीवर नेऊन हेच करायला लावतात, म्हणजे सावरायचं कसं ते कळतं. "ओढ मागं," चाचांचा आवाज सांगतो. "आजून ओढ. पाड! बिनधास्त पाड, मी हाय न्हवं!" मग थाप. "आता उचल. दांडी पुढं. पुढं!" घाबरलेला माणूस दांडी मागंच ओढतो आणि तिथंच मरतो. पुढं ढकलून नाक जमिनीकडं केलं, वेग आला, की पंख पुन्हा हवा धरतात. पोरं खिदळत विमानं पाडायची आणि चाचा मागं उभे राहून त्यांच्याहून मोठ्यानं हसायचे.

एका शाळेत कुणीतरी मोबाइलवर हे टिपलं. "पाड! बिनधास्त पाड" एवढंच ठेवलं, "आता उचल" कापलं आणि खाली लिहिलं की हा माणूस पोरांना विमानं पाडायला शिकवतोय. दाढी आणि नाव होतंच, तेवढं पुरलं, व्हिडिओ गावोगाव फिरला. मी म्हटलं, "चाचा, थोडे दिवस जायला नको कुठं." ते भडकले. "का? चोरी केलीया व्हय आपण?"

पुढची शाळा वडूजकडच्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच गावातल्या एका बाईनं मला मारातून ओढून घरात नेलं आणि दाराला पाठ लावून ती उभी राहिली. शाळा सुटली होती, आम्ही वायरी गुंडाळत होतो. दहा-पंधरा जण आत घुसले. चाचांनी खुर्ची पुढं सरकवली. "या, बसा. दांडी धरा, दावतो काय हाय ते." एकानं लाथेनं संगणक खाली पाडला. आणि हे लपवणार नाही... पहिला हात चाचांनीच उचलला. त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो बाकावर आडवा झाला. मग गज निघाले. पहिला खांद्यावर, दुसरा डोक्यात. ते पडले तरी लाथा थांबेनात. एक जण जॉयस्टिकची वायर त्यांच्या गळ्याला आवळून ओरडत होता, "पाड आता! पाड की!" मी त्याच्या मनगटाला चावले. मी जैनाघरची, आमच्याकडं मुंगी मेली तरी आई हळहळते... माझ्या तोंडात माणसाचं रक्त आलं आणि मी चावा सोडला नाही. मग माझा हात मोडला. आवाज आधी आला, कळ नंतर. खटला उभा राहील, काही आत आहेत, काही जामिनावर सुटलेत. खोटं कशाला बोलू, मला आजही त्यांना गजानंच झोडावंसं वाटतं.

शाळांमधून हे सॉफ्टवेअर नेणाऱ्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, तेवढा धडा काढा. आवाजही दुसरा घ्या, जरा शुद्ध." मी त्यांना काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पण चाचीही तेच म्हणाली. "काढून टाक गं. त्या 'पाड'नंच माझ्या माणसाला खाल्लं." सचिवांना मी उडवून लावलं होतं. चाचीला कसं उडवू? आवाज तिच्या माणसाचा, शब्द तिचाच शेवटचा.

गेल्या आठवड्यात मलकापूरला गेले. खोलीत सगळं तसंच, टेबलाची कड थापांनी गुळगुळीत झालेली. मी म्हटलं, "चाची, पुसायच्या आधी एकदा ऐक." ती दारातच पदर तोंडाशी धरून उभी राहिली. "ओढ मागं. आजून ओढ..." मग थाप वाजली आणि ती दचकली. "मीठ कमी पडलं की ताटाशेजारी आशीच मारायचे," म्हणाली आणि आत आली. खुर्चीवर बसली. इतकी वर्षं जिनं त्या यंत्राला बोट लावलं नव्हतं, तिनं दांडी धरली. विमानाचा दम उखडला, पडद्यावर जमीन वर यायला लागली. सगळ्यांसारखी तीही दांडी मागंच ओढत बसली.

"पुढं!" चाचांचा आवाज गरजला. "मागं ओढशील तर मरशील! पुढं!"

"आवं ढकलतीया की!" चाची किंचाळली. "वरडू नका!"

आणि दोन्ही हातांनी तिनं दांडी पुढं रेटली. नाक जमिनीकडं गेलं, वेग आला, विमान हळूहळू सरळ झालं. "शाबास," चाचा म्हणाले. चाची हुंदके देत होती, पण दांडी सोडत नव्हती. मी डाव्या हातानं माऊस धरला आणि विचारलं, "काढू?"

"हात तर लावून बघ," ती म्हणाली. "सरक तिकडं. परत पाडते."